डिले लूपमधे गेला आणि टोन पातळ झाला: बेळगावातल्या एका हाय-गेन हेडची केस

हेड (स्पीकर नसलेला गिटारचा अँप्लिफायर) ५० वॅटचं, मागे ईएल३४ या पॉवर ट्यूबची जोडी, पुढे १२एएक्स७ या छोट्या ट्यूब, दोन चॅनेल, आणि मागच्या पॅनेलवर इफेक्ट्स लूप, म्हणजे अँपच्या मधल्या टप्प्यावर पेडल जोडायचे सेंड आणि रिटर्न जॅक, त्याच्या शेजारी ‘मिक्स’ असा छोटा नॉब. पुण्याहून सेकंडहँड आणलेलं. कॅबिनेट २x१२, आत सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकरची जोडी. गिटारला हंबकर पिकअप, ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे सगळ्यात जाड तार सी पर्यंत उतरवलेली. बँड चौघांचा, प्रॅक्टिस उद्यमबागेत बेसवाल्याच्या वडिलांच्या शेडमधे, बाजूलाच मशीन शॉप. टिळकवाडीतल्या एका कॉलेजच्या मैदानावर शो ठरलेला आणि गिटारवाला हेड गाडीत घालून शहापुरात माझ्याकडे दुरुस्तीला आला.

तक्रार त्याच्याच शब्दात: "काका, टोन गेलाय बघा. डिले पुढं लावला तर सगळा चिखल यालाय, लूपात लावला तर डास गुणगुणल्यागत यालाय, आणि वर हम. व्हिडिओत बघितलेलं सगळं केलो, खरं काय उपयोग नाही." (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, बाहेरच्यांनी गोंधळू नका. डिले म्हणजे वाजवलेलं थोड्या उशिरानं परत ऐकवणारा पेडल, आणि हम म्हणजे अँपची सततची घूं.)

हे एका प्रॉब्लेमचं गाऱ्हाणं वाटतं खरं, पण त्यात चार-पाच वेगवेगळे प्रॉब्लेम एकमेकांत अडकलेले होते, आणि असं अडकलेलं असलं की माणूस नॉब फिरवत बसतो आणि दर वेळी एक सुधारतं तर दुसरं बिघडतं. म्हणून मी पहिलं काय केलं तर सगळे पेडल काढून बाजूला ठेवले. गिटार, एक केबल, अँप. बस्स.

आता त्याचे नॉब कसे होते बघा. गेन (सिग्नल किती फाटायचा ते) ८, बास ८, मिडल २, ट्रेबल ७, प्रेझेन्स (वरच्या टोकाचा तिखटपणा) ८. हे कुठून आलं? एका मेसा बूगीवाल्याच्या व्हिडिओतून थोडं, मार्शलवाल्याच्या व्हिडिओतून थोडं. दोन्ही अँपच्या कंपन्या. इथंच पहिली गोम आहे. मार्शल घराण्याच्या अँपमधे टोन स्टॅक, म्हणजे बास-मिडल-ट्रेबलचं सर्किट, गेनच्या टप्प्यांनंतर येतं. आधी सिग्नल फाटतो (डिस्टॉर्ट होतो), मग त्याला रंग देतात. मेसाच्या मार्क सिरीजमधे उलटं, टोन स्टॅक आधी आणि गेन नंतर, म्हणून ते लोक बास १-२ वर ठेवतात आणि नंतरच्या ग्राफिक इक्यूवर खालचा आवाज परत भरतात. एकाचे आकडे दुसऱ्यावर लावून काही मिळत नाही, नॉबवर नाव सारखं असलं तरी तो सिग्नलच्या रस्त्यात कुठल्या जागी बसलाय त्यावर त्याचं काम ठरतं. हे हेड मार्शल पद्धतीचं. त्यामुळे पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवणं) केल्यावर जो भदाभद आवाज येत होता तो बास नॉब ३ वर आणून कमी झाला नाही, नुसता बारीक झाला. कारण जास्तीचा बास आधीच प्रीअँपमधे (अँपचा पुढचा, गेनचा भाग) जाऊन फाटलेला होता. ड्रॉप सी ची खालची तार ६५ हर्ट्झवर वाजते, एवढं खालचं एवढ्या गेनमधे घातलं की ते घट्ट राहणारच नाही.

त्यावर इलाज जुनाच आहे आणि तो त्याच्या पेटीत पडलेला होता, ट्यूब स्क्रीमर पद्धतीचा ओव्हरड्राइव्ह. त्यावर त्याने ड्राइव्ह ६ ठेवलेलं, म्हणजे गेनवर गेन. ड्राइव्ह शून्य केलं, लेव्हल फुल, टोन मधोमध. या पेडलचं डिस्टॉर्शन इथं नकोच असतं. त्याच्या सर्किटमधे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली उतार लागतो, म्हणजे प्रीअँपच्या तोंडात जायच्या आधीच बास छाटला जातो, आणि लेव्हल फुल असल्यामुळे पहिल्या ट्यूबला जोराचा धक्का बसतो. मग अँपचा गेन ८ वरून ५ वर आणला, मिडल २ वरून ६, प्रेझेन्स ८ वरून ४, कारण व्हिंटेज ३० स्वतःच २-३ किलोहर्ट्झच्या आसपास पुढं बोलतो, त्यावर परत प्रेझेन्स चढवला तर कानात टोचतं. बास मग निवांत ५ वर परत नेता आला. भदाभद बंद. गडी दोन मिनिटं नुसता एकच रिफ वाजवत बसला.

मिडलबद्दल मात्र वाद झाला. घरी एकट्यानं वाजवताना मिडल २ भारी वाटतो, मान्य आहे. पण बेस खाली बसलाय, झांजा वर बसल्यात, गिटारला उरतो तो मधलाच पट्टा, आणि हा तोच पट्टा खाली ओढून परत म्हणतोय की बँडमधे माझी गिटार ऐकू येत नाही! ऐकू कशी येणार?

आता डिले. आधी पुढे, म्हणजे गिटार आणि अँपच्या इनपुटच्या मधे लावलेला होता. मार्शलच्या १९८१ सालच्या जेसीएम ८०० २२०३ मधे लूपच नव्हता, पुढेच लावायचं किंवा नंतर मिक्सरवर टाकायचं, पण तेव्हाचा गेन आजच्या मानाने माफक. हाय-गेन प्रीअँप करतो काय तर मोठ्या आवाजाला दाबून आणि लहान आवाजाला उचलून सगळं जवळजवळ एका पातळीवर आणतो. डिलेचा रिपीट मूळ सुरापेक्षा समजा १२ डेसिबल खाली असेल, तर तो प्रीअँपमधून बाहेर पडताना मूळ सुराच्या जवळपास तेवढाच मोठा होऊन बाहेर पडतो. शिवाय तुम्ही पुढचा कॉर्ड वाजवलाय तोवर मागच्याचा रिपीट आत येतो आणि दोन्ही एकत्र फाटतात. हाच तो चिखल. रिव्हर्बचं (मोठ्या खोलीसारखं घुमवणारा इफेक्ट) तर विचारूच नका. लूप असतो प्रीअँप आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारा मागचा भाग) यांच्या मधे, म्हणजे फाटून झाल्यावर, तिथं रिपीट स्वच्छ राहतो. म्हणून कुणीतरी त्याला लूपात लाव म्हणून सांगितलं ते बरोबरच होतं. पण कुठला लूप हे कुणी विचारलं नाही.

त्या ‘मिक्स’ नॉबवरूनच कळतं की लूप पॅरलल आहे. सिरीज लूपमधे सगळा सिग्नल सेंडमधून बाहेर जातो, पेडलमधून फिरतो आणि रिटर्नमधून परत येतो. पॅरललमधे मूळ सिग्नल आतल्या आत सरळ पुढे जात राहतो आणि पेडलमधून आलेला त्यात मिसळतो. मेसाच्या जुन्या ड्युअल रेक्टिफायरमधेही असाच पॅरलल लूप होता. कल्पना चांगली, मूळ टोनला हात लागत नाही. पण भानगड अशी की याच्या लूपात डिलेनंतर एक डिजिटल रिव्हर्ब होता आणि तो आपल्यातून जाणारा मूळ आवाजही डिजिटल करून परत अ‍ॅनालॉग करत होता. या फेरीत थोडा वेळ जातो. समजा १ मिलिसेकंद गेला. मग तोच आवाज दोनदा पॉवर अँपला पोचतो, एकदा सरळ आणि एकदा १ मिलिसेकंद उशिरा, आणि ५०० हर्ट्झ, १५००, २५०० अशा जागी दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. मिक्स मधोमध असताना हे सगळ्यात वाईट. ५०० आणि १५०० वर खड्डा पडला की डिस्टॉर्टेड गिटारमधे राहतं काय? डास राहतो.

खात्री कशी केली तर रिव्हर्ब लूपमधून काढला, नुसता डिले ठेवला, टोन लगेच भरला. त्या डिलेचा मूळ आवाज अ‍ॅनालॉग वाटेनंच जातो, तिथं उशीर नाही. रिव्हर्ब परत घातला, पातळ. बायपास केला तरी पातळ, कारण बायपासमधेही तो पेडल आवाज डिजिटलमधूनच नेत होता. पेडलमधे ‘किल ड्राय’ असं एक सेटिंग असतं, मूळ आवाज बंद, फक्त इफेक्ट बाहेर. पॅरलल लूपला ते लागतंच. पण इथं दोन पेडल एकामागे एक आहेत हे विसरू नका. दोघांवर किल ड्राय केलं तर रिव्हर्बला फक्त डिलेचे रिपीट मिळतात, मूळ सुराला रिव्हर्ब लागतच नाही आणि रिपीटही रिव्हर्बमधे भिजूनच बाहेर पडतात. नुसत्या रिव्हर्बवर केलं तर मूळ सुराला रिव्हर्ब मिळतो, रिपीट भिजलेलेच राहतात. म्हणजे एका पॅरलल लूपात एकापेक्षा जास्त पेडल घालायचे तर डोक्याला ताप.

मग मिक्स फुल केला की लूप सिरीज होतो का ते बघितलं. याला एक सोपी टेस्ट आहे, कुणीही घरी करू शकतो. लूपात ट्यूनर पेडल लावायचा, मिक्स फुल करायचा, ट्यूनर दाबून म्यूट करायचा आणि वाजवायचं. काहीच ऐकू आलं नाही तर लूप खरोखर पूर्ण सिरीज झालाय. आवाज आला तर मूळ सिग्नल गळतोय. याच्यात गळत होता, थोडाच, पण पातळ करायला तेवढा पुरतो.

शेवटी हेड उघडलं आणि मूळ सिग्नल मिसळणीपर्यंत नेणाऱ्या रेझिस्टरचा एक पाय उचलला. लूप सिरीज झाला. मनात आलं तर परत एक डाग मारला की होतं तसं. हे वाचून कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नये म्हणून सांगतो, आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधे तो बसून राहतो, रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचा, मीटरनं शून्य बघायचं आणि मगच हात घालायचा. येत नसेल तर येणाऱ्याकडं द्या, चार पैसे जाऊदेत. लूप सिरीज केल्यावर आणखी एक गोष्ट येते, लूपात काहीच नसताना सिग्नल जातो तो रिटर्न जॅकच्या आतल्या बारक्या संपर्कपट्टीतून. आमच्याकडं जूनपासून जी दमट हवा सुरू होते त्यात त्या पट्ट्या काळ्या पडतात आणि आवाज मधेच बसतो, मधेच येतो. लोक ट्यूब बदलून मोकळे होतात. आधी सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलनं जोडून बघा, आवाज नीट आला तर ट्यूबला दोष देऊ नका, जॅक साफ करा.

इथपर्यंत टोन परत आला होता. पण जोरात वाजवलं की डिलेच्या रिपीटला एक खरखरीत कड यायची, ट्यूबची नव्हे, घाणेरडी. स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) सेंडला लावला. चॅनेल व्हॉल्यूम ८ वर असताना सेंडवर टोकापासून टोकापर्यंत १४ व्होल्ट! ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला हे गिळणं शक्यच नाही, तो आतच चिरडला जाणार. रॅकवाली उपकरणं प्लस ४ डीबीयूला चालतात, म्हणजे १.२३ व्होल्ट आरएमएस, टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेतीन. घरगुती पातळी मायनस १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट, टोकापासून टोकापर्यंत जेमतेम ०.९. दोघांत जवळजवळ १२ डेसिबलचं अंतर. काही हेडवर यासाठी स्विच असतो, याच्यावर नव्हता. पण स्विच नसला तरी अडत नाही. चॅनेल व्हॉल्यूम लूपच्या आधी, मास्टर लूपच्या नंतर. चॅनेल ३ वर आणला, सेंड ३ व्होल्टच्या आत आला, मास्टर वाढवून एकूण आवाज तेवढाच ठेवला. खरखर गेली. मला विचाराल तर लूप वाईट आहे म्हणून जेवढी हेड लोक विकायला काढतात त्यातली बरीचशी या एका गोष्टीवर बरी होतील.

सोलो ऐकू येत नाही हे दुसरं रडगाणंही इथंच सुटलं. तो सोलोला ओव्हरड्राइव्हवर बूस्ट दाबायचा, पण फाटलेल्या प्रीअँपच्या पुढं कितीही ढकला, आवाज वाढत नाही, नुसता गेन वाढतो. तोच बूस्ट लूपमधे, फाटून झाल्यावर दिला की खरंच मोठा होतो. एक ७ बँडचा इक्यू लूपात घातला, ८०० हर्ट्झला थोडा उठाव, लेव्हल ५ डेसिबल वर. सोलोला फक्त तो दाबायचा. लूपातला क्रम असा ठरला: नॉइज गेट, इक्यू, डिले, रिव्हर्ब. गेट डिलेच्या आधी, नाहीतर वाजवणं थांबलं की गेट रिपीटची शेपटी कापून टाकतो.

आता हम. माझ्या टेबलावर हम अगदी थोडा, शेडमधे जबरदस्त. म्हणून शेडमधे गेलो. हम ऐकून आधी तो कुठला ते ओळखायचं. आपली लाइट ५० हर्ट्झची, ग्राउंड लूपचा हम बहुतेक ५० वर असतो, खोल. अँपच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर गेले तर १०० हर्ट्झ, एक सप्तक वर. फोनवरच्या फुकटच्या स्पेक्ट्रम ॲपमधे दिसतं. इथं ५० होता, त्यावर डिजिटल पेडलची बारीक शिट्टी. सगळे पेडल एकाच अडॅप्टरवर, एकाच वायरला माळ करून. ओव्हरड्राइव्ह अँपच्या इनपुटला, डिले लूपला, आणि दोघांचं निगेटिव्ह अडॅप्टरच्या माळेत एकत्र. म्हणजे ग्राउंडचं एक मोठं वर्तुळ पूर्ण. गेन वाढवला की किंचाळायचा तेही त्यामुळंच, लूपमधला मोठा सिग्नल माळेतून परत इनपुटला पोचत होता. वेगळ्या वेगळ्या आयसोलेटेड आउटपुटचा सप्लाय एका मित्राकडून आणून लावला, सेंड-रिटर्नच्या केबल एकत्र बांधून इनपुटच्या केबलपासून लांब नेल्या, शिट्टी बंद, हम बराच खाली.

बराच, पण पूर्ण नाही. आणि मग मी एक्स्टेंशन बोर्ड बघितला. अर्थची पिन तोडलेली. हम जातो म्हणून कुणीतरी तोडली होती, कुणी ते कुणीच सांगेना. टेस्टर गिटारच्या तारेला लावला तर मिणमिणता पेटला. हे कुणी हसण्यावारी नेऊ नका. हेडमधे आतून काही सुटलं आणि अर्थ नसेल तर तो करंट तारेतून तुमच्या हातात आणि माइकला ओठ लागले की आरपार. शेजारच्या मशीन शॉपच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्यानं मीटर लावला आणि मान हलवली, "अर्थिंग इल्ल री." नुसत्या बोर्डाचं नव्हे, शेडच्या त्या बाजूलाच नव्हतं. बेसवाल्याच्या वडिलांनी ते ऐकून पोरांना जे सुनावलं ते लिहीत नाही. खड्डा खणून अर्थिंग केलं, बोर्ड नवा आणला, आणि राहिलेला हम गेला. ज्यासाठी पिन तोडली तो हम पिन जोडून गेला!

त्या शेडमधे आणखी एक दिसलं. शेजारी मोठं मशीन सुरू झालं की व्होल्टेज २०५ वर यायचं. हेड २३० चं. हीटरला ६.३ च्या जागी ५.६ व्होल्ट मिळतात, प्लेटचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, आणि टोन ढिला पडतो. संध्याकाळी अँप भारी वाजतो आणि दुपारी मेल्यासारखा, असं तो म्हणायचा, त्यात तथ्य होतं. चांगला स्टॅबिलायझर लावायला सांगितलं.

शोच्या दिवशी साउंडचेकला डिले परत चिखल! गडी घाबरला, लूप परत बिघडला म्हणाला. लूप ठणठणीत होता. मोकळं मैदान बघून त्यानं मास्टर ७ वर नेला होता. आता फाटत होता तो पॉवर अँप, फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबना सिग्नल देणारी ट्यूब) आणि ईएल३४, आणि ते दोन्ही लूपच्या नंतर. लूप तुम्हाला फक्त प्रीअँपच्या डिस्टॉर्शनपासून वाचवतो. त्याच्या पुढं जे फाटतं त्याला लूपचा काही उपयोग नाही, तिथं रिपीट परत फाटणारच. मास्टर ४ वर आणला, खानापूरच्या साउंडवाल्यानं एसएम५७ माइक स्पीकरच्या कोनच्या मधोमध लावला होता तो कडेकडे सरकवायला लावला, आणि मॉनिटरमधे गिटार मागून घेतली. "मामा, हेडचा आवाज कमी केला तर मजा येत नाही की ओ ह्यांना," साउंडवाला म्हणाला, आणि ते खरंच आहे, पँटच्या पायावर हवा लागल्याशिवाय मेटलवाल्याला चैन पडत नाही. तोडगा म्हणून कॅबिनेट खुर्चीवर ठेवून त्याच्या कानाकडं तोंड केलं, मग मास्टर वाढवायचं नाव काढलं नाही.

रिव्हर्ब त्यानं शोमधे लावलाच नाही, मैदानात लागला नाही. त्याच्या दोन्ही ईएल३४ मधल्या एकीचा करंट दुसरीपेक्षा बराच जास्त दिसला होता, मॅच केलेली जोडी मागवलीय, ती आली की बायस (ट्यूबचा करंट बसवणं) करायचं आहे आणि त्याच वेळी रिटर्नचा जॅकही बदलून टाकणार. मिडल मात्र घरी परत २ वर आहे असं बेसवाला सांगतो.